वरच्या हवेचा जेट

मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत, आणि हे नाव त्याने पंचवीस वर्षं घासून कमावलं होतं. मोटरसायकल दारात थांबायच्या आत तो आतूनच सांगायचा, की फ्लोट अडकतोय, की सुई झिजलीय, की कार्बोरेटरच्या स्क्रूला कुणीतरी उगाच हात लावलाय. हे शेवटचं बहुतेक वेळा खरं निघे, आणि ज्याने हात लावलेला असे तो गाडीवाला आपला गुपचूप दुकानाच्या छताकडे बघू लागे.

दुकान दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत मिस्त्री आणि त्याचं लांबलचक टेबल, पुढच्या खोलीत काउंटर आणि काउंटरमागे ताई. ताई त्याची थोरली बहीण. सुट्या भागांचा सगळा संसार तिच्या ताब्यात होता. भावाच्या कारागिरीचा तिला अभिमान होता, पण तो त्याला कळू द्यायचा नाही असा तिने बहुधा लहानपणीच पण केला होता. लोक त्याची स्तुती करू लागले की ती म्हणायची, कान चांगला आहे खरा, फक्त माझं बोललेलं तेवढं त्यातून आत जात नाही.

तर एकदा या दुकानात जनावरांच्या डॉक्टर आल्या. त्या राहायच्या वर डोंगरावर. एक्केचाळीस वळणांचा घाट चढून गेलं की माथ्यावर पठार, तिथे त्यांचा दवाखाना, आणि भोवतीच्या वाड्यावस्त्यांवरची गुरं, शेळ्या, घोडे सगळे त्यांचे पेशंट. आठवड्यातून एकदा औषधं न्यायला त्या खाली उतरत. त्यांची मोटरसायकल बारा वर्षांची होती आणि चढावर दमत होती. मागे औषधांची जड पेटी, बाजूला दोन पिशव्या. तिसऱ्या गिअरला चढायचा चढ आता दुसऱ्यात चढायला लागत होता. कार्बोरेटर तेवढा बघून द्या, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

मिस्त्रीने कार्बोरेटर उतरवून टेबलावर उघडला. तळाच्या वाटीत सुकलेल्या पेट्रोलचा पिवळा चिकट थर होता, स्लाइड हलत्या दातासारखी खुळखुळत होती आणि सुईला एका अंगाने ओरखडे पडले होते. दुरुस्ती होण्यासारखी होती. पण डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं, की अडलेल्या गाईकडे अर्धा तास आधी पोचलं तर वासरू वाचतं. हे ऐकलं आणि मिस्त्रीच्या अंगात आलं. औषध मागायला आलेल्या माणसाला त्याने पैलवान करून पाठवायचं ठरवलं.

तीन दिवस त्याने त्या गाडीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही. चार मिलिमीटर मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर आणला. तो होता जुनाच, पण सगळा सुटा करून, प्रत्येक भोकातून हवा मारून, नवी सुई, नवे रबर, नवा फ्लोट घालून त्याने तो नव्यापेक्षा नवा केला. कार्बोरेटर आणि इंजिन जिथे जुळतात तिथली कड त्याने बारीक पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत केली, की डोळे मिटून बोट फिरवलं तर सांधा सापडू नये. कोंदट जुना एअर फिल्टर काढून मोकळा श्वास घेणारा बसवला. सायलेन्सरही जरा मोकळा केला.

मग उरले जेट. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा स्क्रू, मधोमध केसाएवढं भोक, आणि त्या भोकातून इंजिन आपल्याला हवं तेवढं पेट्रोल ओढून घेणार. आकडा मोठा तर भोक मोठं. मिस्त्री एकशे तीसपासून सुरू झाला. जेट बसवायचा, गाडी पुलाकडच्या सरळ रस्त्यावर पूर्ण पिळायची, चालत्या वेगात बंद करायची आणि प्लग काढून रंग बघायचा. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे बरोबर. एकशे पस्तीसला रंग छान आला होता. पण एकशे चाळीसला इंजिन असं काही मोकळ्या गळ्याने गायला लागलं, की मिस्त्रीने रंग जरा गडद असूनही तिकडे काणाडोळा केला.

“पस्तीसच ठेव,” ताई म्हणाली. “एवढं खायला घालू नये कुणाला.”

मिस्त्रीने चाळीस ठेवला.

डॉक्टरांनी गाडी पुलापर्यंत चालवून आणली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. त्या म्हणाल्या, की हिला मी बारा वर्षं ओळखते असं वाटत होतं, पण आज पहिल्यांदाच भेटले. मिस्त्रीला दिवसभर जमीन दोन बोटं खाली राहिली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आल्या त्या गाडीच्या सायलेन्सरमागे काळी झालेली औषधांची पेटी घेऊन. अर्धा घाट गाडी वाऱ्यासारखी जाते, मग घुसमटते, खोकते, काळा धूर सोडते, आणि माथ्याजवळ तर बंदच पडते. जुनी गाडी दमत होती, पण पोचत होती. मिस्त्रीने गाडी चालू केली, कान दिला. गाडी घड्याळासारखी चालली. पुलाकडे पिळून आणली. ठणठणीत. त्याने प्लग पुसला आणि वरचं पेट्रोल भेसळीचं असणार असा निकाल दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टर खालूनच पेट्रोल भरून वर गेल्या होत्या आणि तरी तेच घडलं होतं. आता मिस्त्रीने विचारलं, की गाडी सुरू करताना ओढायचा चोक नंतरही ओढलेलाच राहतो का. हे विचारताना तो स्वतःच जरा चपापला, कारण असा प्रश्न शिकाऊ माणसाला विचारतात. डॉक्टर रागावल्या नाहीत. चोक ओढलेला नसतो, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. ताईने मात्र त्या दिवशी दुपारचा चहा एकच कप केला आणि स्वतःच प्याला.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पर्समधून औषधाच्या तीन बाटल्या काढून काउंटरवर ओळीने मांडल्या. प्रत्येक बाटलीत कापसात गुंडाळलेला एक प्लग होता, आणि बाटलीवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी. पहिली, घाटाचा पायथा. दुसरी, विसावं वळण. तिसरी, माथा, गाडी बंद पडल्यावर. प्रत्येक ठिकाणी गाडी बंद करून, गरम प्लग पान्याने काढून, नवा घालून त्या पुढे गेल्या होत्या. पायथ्याचा प्लग तपकिरी होता, जरा गडद. विसाव्या वळणाचा चॉकलेटी. माथ्याचा काजळीने इतका माखलेला, की ताईने बोट लावलं आणि बोट साडीला पुसायच्या आधी कागद शोधला.

मिस्त्रीने तिन्ही प्लग उचलून उजेडात धरले. यावर पेट्रोल वाईट म्हणता येत नव्हतं आणि चोकही म्हणता येत नव्हता.

“मिस्त्री, लंगडते म्हणून माझ्याकडे गाय आणतात,” डॉक्टर म्हणाल्या. “दवाखान्यात ती नीट चालते. मग मी तिला खोटी नाही म्हणत. मी गोठ्यात जाते आणि तिथली जमीन बघते. तुम्ही एकदा माझ्याबरोबर वर चला.”

मिस्त्रीने कामाचा डोंगर दाखवला. मागच्या खोलीत सहा गाड्या आहेत, उद्या दोन न्यायला येणार, पाठही जरा धरलीय. डॉक्टर म्हणाल्या, मी आज इथेच मैत्रिणीकडे राहते, सकाळी सात वाजता येते, ठरवा. त्या गेल्यावर ताईने काउंटरवरून वळून भावाकडे नीट बघितलं. सहा गाड्या, न्यायला येणारे लोक आणि पाठ या तिन्हींच्या मागे काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी एकदा शाळेच्या सहलीत त्याला त्याच घाटात बस लागली होती, आणि ती साधीसुधी लागली नव्हती. त्या दिवसापासून तो घाट चढला नव्हता. ज्याचा हात गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांना लागला होता, त्या माणसाला गाडी लागत होती. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं आणि होऊ नये यासाठी तो चाळीस वर्षं सपाटीवर राहिला होता.

“तुझं पोट ढवळतं म्हणून तिच्या गाडीला खोटं पाडू नकोस,” ताई हळू आवाजात म्हणाली. मग तिने एका डबीत एकशे पंधरापासून पुढचे सगळे जेट घातले, झाकण लावलं आणि ती डबी त्याच्यासमोर ठेवली.

सकाळी सात वाजता तो उपाशीपोटी, खिशात लिंबू आणि छातीशी हत्यारांची पिशवी धरून डॉक्टरांच्या मागे बसला. पायथ्यापर्यंत त्याचा ताठा शाबूत होता, कारण गाडी खरंच सुरेख पळत होती. पाचव्या वळणाला त्याने लिंबू काढलं. नवव्याला डोळे मिटले. अकराव्याला डॉक्टरांच्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक केली, उतरला आणि कठड्यापाशी गेला.

परत आला तेव्हा त्याला वाटलं, आता ही बाई हसणार. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. घोड्यांना गाडीतून नेताना असंच होतं म्हणाल्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग गाडीवरून उतरून त्यांनी हँडल त्याच्याकडे दिलं.

“चालवणाऱ्याला लागत नाही. तुम्ही पुढे बसा.”

मिस्त्रीचा विश्वास बसला नाही, पण मागे बसण्यापेक्षा काहीही बरं होतं. बाराव्या वळणाला तो जपून वाकला. पंधराव्याला त्याच्या लक्षात आलं, की पोट गप्प आहे. अठराव्याला तर तो चक्क मजेत होता. रस्ता डोळ्यांना आधी दिसत होता, हात वळत होते, आणि शरीराला कळत होतं की आता कुठे जायचंय. चाळीस वर्षं ज्या घाटाची धास्ती खाल्ली तो चालवायला इतका देखणा असेल, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला अजून वर, अजून लवकर जावंसं वाटू लागलं, आणि नेमकं तेव्हाच गाडीचा आवाज बदलला.

विसाव्या वळणानंतर गाण्यात घोगरेपणा आला. सव्विसाव्याला एक ठसका बसला. एक्सलेटर पिळला की वेग वाढायच्या ऐवजी गाडी गुदमरायची, आणि जरा सोडला की उलट बरी चालायची. पेट्रोल जास्त होऊन अंगावर येतंय, मिस्त्रीच्या हातांनी त्याला सांगितलं. पण खाली येत नव्हतं ते इथे कुठून यायला लागलं? गाडी तीच, जेट तोच. एकोणचाळिसाव्या वळणाला काळ्या धुराचा एक भपकारा सोडून ती बंद पडली, आणि किक मारून मारून त्याचा पाय भरून आला तरी हलली नाही.

माथा समोर दिसत होता. ढकलू या, मिस्त्री म्हणाला. तो हँडल धरून ढकलू लागला, डॉक्टर मागून. पन्नास पावलांत त्याला धाप लागली. सत्तर पावलांत तो थांबला. रोज दुकानात गाड्या इकडून तिकडे ढकलणारा माणूस तो, आणि इथे त्याची छाती भात्यासारखी चालली होती. श्वास येत होता, भरपूर येत होता, पण पुरत नव्हता. डॉक्टर मात्र निवांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, घाई करू नका, इथे हवा विरळ आहे, मी बदलीवर आले तेव्हा पंधरा दिवस अशीच धापत होते.

मिस्त्री गाडीच्या सीटवर हात टेकून वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने मान खाली घालून कार्बोरेटरकडे बघितलं. ही बिचारीही माझ्यासारखीच. तोंड मोठं केलं, नाक मोकळं केलं, पण आत येणारी हवाच पातळ. आणि एवढ्याशा हवेवर मी तिला एकशे चाळीसच्या भोकातून पेट्रोल पाजतोय. दमलेल्या माणसाला धाप लागली असताना घास भरवावा तसं. जुना कार्बोरेटर लहान आणि काटकसरी होता, म्हणून इथवर निभावून नेत होता. ही हौस आपली. उंचीवर गाडी बदलते हे त्याने कुणाकुणाकडून ऐकलं होतं, पण त्याची सगळी गिऱ्हाइकं सपाटीवरची, त्यामुळे ती गोष्ट एका कानाने आत आणि दुसऱ्या कानाने बाहेर गेली होती.

“डॉक्टर, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “पेट्रोलची नाही, चोकची नाही, तुमची तर नाहीच नाही.”

डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं, दुखणं सापडलं.

थांबत थांबत दोघांनी गाडी दवाखान्यापर्यंत ढकलत आणली. तिथे पडवीत तपासणीचं लोखंडी टेबल होतं. मिस्त्रीने ते मागून घेतलं. एका कोपऱ्यात पायाला पट्टी बांधलेली शेळी बसली होती, ती सगळं काम शेवटपर्यंत टक लावून बघत राहिली. स्टीलच्या ट्रेमध्ये स्क्रू, ट्रेशेजारी कापूस, स्पिरिट आणि इतका उजेड, की मिस्त्रीला आपल्या मागच्या खोलीची लाज वाटली. ताईची डबी उघडून त्याने एकशे पंचवीसचा जेट घातला. आवाज पुष्कळ सुधारला, तरी मधल्या पिळात खरखर राहिली. म्हणून पेट्रोल अजून जरा कमी करायला, म्हणजे सुईवरची बारीक क्लिप एक खाच वर सरकवायला त्याने कार्बोरेटर पुन्हा उघडला.

तेवढ्यात फोन वाजला. पठाराच्या पलीकडच्या खिंडीजवळ एक गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता. डॉक्टरांनी बॅग उचलली आणि टेबलाकडे बघितलं. टेबलावर त्यांची गाडी वीस तुकड्यांत पडली होती.

“किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“दहा मिनिटं.”

त्याला साडेआठ लागली. नंतर कितीतरी दिवस तो ही साडेआठ मिनिटं लोकांना सांगत असे, आणि ताई त्यांना सांगे, की त्यातलं अर्धं मिनिट तरी त्याने शेळीशी बोलण्यात घालवलं असेल. सुई सरकवली, स्लाइड आत सोडली, वाटी बसवली, रबराचे पट्टे आवळले, पेट्रोलचा कॉक उघडला. चालवून बघायला वेळ नव्हता. पहिल्या किकला गाडी सुरू झाली आणि डॉक्टर निघून गेल्या.

मिस्त्री पडवीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. समोर पठार उघडंबोडकं होतं, त्यामुळे आवाज लांबवर ऐकू येत होता. दुसरा गिअर. तिसरा. मग खिंडीचा चढ लागला. खाली जिथे गाडी घुसमटत होती त्याहूनही ही जागा उंच होती. त्याने श्वास धरला, मग आठवलं की इथे श्वास धरून चालत नाही, आणि सोडला. आवाज चढत गेला. एक ठसका नाही, एक अडखळण नाही, ताणलेल्या दोरीसारखा सरळ आवाज खिंडीपर्यंत गेला आणि पलीकडे उतरला. मिस्त्रीला भुकेची जाणीव तेव्हा झाली. दवाखान्याच्या खिडकीत केळ्यांचा घड होता. मालकीणबाई घरात नाहीत हे मनाशी नोंदवून त्याने दोन केळी खाल्ली, आणि सालं शेळीला दिली.

दोन तासांनी डॉक्टर परतल्या. बाह्या भिजलेल्या, केस विस्कटलेले, चेहरा लखलखीत. कालवड झाली होती, दोघी ठीक होत्या. पोचायला अजून जरा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मग गाडीच्या टाकीवर थाप मारून त्यांनी विचारलं, की आता हे असंच ठेवायचं ना?

इथे मिस्त्री जरा घुटमळला. वरच्या हवेचा जेट खालच्या हवेत चालणार नव्हता. खाली हवा दाट, त्यात पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापणार, प्लग पांढरा पडणार, आणि सपाटीवर दामटलं तर पिस्टनच जाम होणार. त्याने हे सरळ सांगितलं. खाली जाताना एक आणि वर येताना दुसरा जेट हवा, आणि दर वेळी मिस्त्री कुठून आणायचा?

डॉक्टरांनी आपले हात पुढे केले. हे हात मांजरीच्या डोळ्याला टाके घालतात, त्या म्हणाल्या, एक स्क्रू काढायला शिकवा.

मिस्त्रीने शिकवलं. कार्बोरेटर उतरवायची गरज नव्हती. कॉक बंद करायचा, वाटीच्या तळाचा जाड नट सोडायचा, पेट्रोल छोट्या बाटलीत घ्यायचं, आत लांब पाना घालून एक जेट काढायचा, दुसरा लावायचा. हाताने घट्ट झाला की पाव वळण, त्याहून एक केसही जास्त नाही. जागा ठरली विसावं वळण, तिथे रस्त्याकडेला सपाट दगड होता. खाली उतरताना डॉक्टरांनी तिथे पहिल्यांदा स्वतः जेट बदलला. त्यांना सोळा मिनिटं लागली, आणि त्या पूर्ण वेळ मिस्त्रीने हात पाठीमागे बांधून ठेवले होते. ते त्याला दिवसातलं सगळ्यात अवघड काम गेलं. खालच्या हवेसाठी त्याने त्यांच्या हातात एकशे पस्तीस ठेवला होता. चाळीसचा त्याने गुपचूप डबीत परत टाकला.

दुकानात पोचल्यावर त्याने ताईला सगळं सांगितलं, अकराव्या वळणाच्या कठड्यापासून सगळं. त्याला वाटलं, आता ती पस्तीस की चाळीस ते काढणार. पण तिने फक्त विचारलं, की वर अशा किती गाड्या असतील? दारात थांबलेल्या डॉक्टर म्हणाल्या, मोजल्या नाहीत, पण खोकला सगळ्यांनाच आहे.

त्यावरून महिन्याचा पहिला सोमवार ठरला. डॉक्टरांनी पडवीचा डावा भाग मोकळा करून दिला. उजवीकडे जनावरं, डावीकडे गाड्या. पहिल्या सोमवारी मिस्त्री स्वतः गाडी चालवत वर गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, चारपाच जण येतील. अकरा मोटरसायकली होत्या, शेताला पाणी देणारा एक पंप होता, आणि एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांच्याकडे गाडी नव्हतीच. ते नुसते बघायला आले होते. दुपारपर्यंत डावी-उजवीची शिस्त मोडली, एक वासरू पंपाला अंग घासू लागलं, आणि कुणाचा नंबर आधी यावरून एका घोडेवाल्याची आणि एका दूधवाल्याची जुंपली. डॉक्टरांनी दोघांना विचारलं, की तुमच्यापैकी कुणाचा पेशंट उभा राहू शकत नाही? दूधवाल्याच्या गाडीचा स्टँड मोडलेला होता. त्याचा नंबर आधी लागला, घोडासुद्धा काही बोलला नाही, आणि ते म्हातारे गृहस्थ इतके हसले की त्यांना बसायला खुर्ची आणावी लागली.